धातुसेनाचा खजिना



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. गुडघ्यांची तक्रार हे एक कारण, आळस हे दुसरं आणि खरं कारण. पण मागच्या फेब्रुवारीत लेक, जावई आणि नातवाबरोबर आठ दिवस श्रीलंकेला जाऊन आले. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, ती एकदाची लिहून टाकते. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

श्रीलंका म्हटलं की लोकांना समुद्रकिनारे आठवतात, आणि आपल्या पिढीला अशोकवन. आम्ही यातलं फारसं काही पाहिलं नाही. लेकीनं आधीच ठरवलं होतं, "आई इतिहासाची बाई, तिला बेटाच्या पोटात न्यायचं." कोलंबोहून गाडीनं निघालो ते थेट मध्यभागी, सिगिरियाजवळच्या एका छोट्या घरगुती मुक्कामी. अनुराधपुर, पोळोन्नरुव, सिगिरिया, दंबुल्ल आणि कँडी ही जागतिक वारशाच्या यादीतली पाच ठिकाणं इथे अंतर्भागात जवळजवळ आहेत. पहिली तीन १९८२ साली यादीत आली, कँडी १९८८ला आणि दंबुल्ल १९९१ला. सगळा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. एवढ्याशा बेटाच्या पोटात दोन हजार वर्षांचा इतिहास असा दाटीवाटीनं बसलेला!

आता कबुली द्यायची तर मी तेहतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला आणि श्रीलंका एका वाक्यात उरकली. "अशोकाने महेंद्र व संघमित्रा यांना धर्मप्रसारासाठी सिंहलद्वीपास पाठवले." झालं. पुढचा धडा. संघमित्रेनं नेलेली बोधिवृक्षाची फांदी कुठे लावली, तिचं पुढे काय झालं, हे ना पुस्तकात होतं, ना मी कधी शोधलं.

सुरुवात सिगिरियानं झाली. सपाट जंगलातून एकच प्रचंड कातळ उठलेला, जवळजवळ दोनशे मीटर उंच. पाचव्या शतकात काश्यप नावाच्या राजानं (इ.स. ४७७ ते ४९५) त्याच्या माथ्यावर महाल बांधला. वाटेत अर्ध्या उंचीवर त्या प्रसिद्ध चित्रांच्या ललना आहेत. ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या, हातात फुलं घेतलेल्या. पूर्वी शेकडो होत्या म्हणतात, आज वीसएक उरल्यात. शाळेची सहल घेऊन मी अजिंठ्याला तीन वेळा गेले आहे. त्यामुळे ते डोळे, ती बोटांची वळणं पाहताच ओळखीची वाटली. काळही तोच. अजिंठ्याची उत्तम चित्रं वाकाटक हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. कुणी कुणाकडून शिकलं हे पंडितांनी ठरवावं. माझ्यापुरतं, परदेशात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

चित्रांच्या खालून एक भिंत जाते. तिला आरसेभिंत म्हणतात, कारण एके काळी ती आरशासारखी घोटलेली होती. आठव्या ते दहाव्या शतकांतल्या प्रवाशांनी तिच्यावर पद्यं कोरून ठेवली आहेत. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतली ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्यांत बायकाही आहेत! आमच्या सहलीतली मुलं भिंतींवर नावं कोरायची तेव्हा मी कान पिळायची. बाराशे वर्षं टिकलं की त्याच खोडीला वाङ्मय म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

पायऱ्या बाराशेच्या आसपास. मी सिंहाच्या पंज्यांपर्यंत पोहोचले आणि तिथेच बैठक मारली. मंडळी वर गेली. वाट पाहताना मी सोबतचं पुस्तक उघडलं आणि काश्यपाची कथा वाचली. ती अशी.

काश्यपाचा बाप धातुसेन. मोठा राजा. परकीय सत्ता मोडून त्यानं राज्य परत मिळवलं होतं. काश्यप हा त्याचा मोठा मुलगा, पण कमी कुळातल्या राणीचा. गादीचा हक्कदार धाकटा मोग्गल्लान. धातुसेनाच्या मुलीला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सेनापतीनं, विनाकारण चाबकानं फोडलं. संतापून राजानं त्या सेनापतीच्या आईला जिवंत जाळलं. सेनापतीनं मग काश्यपाला हाताशी धरून राजाला कैदेत टाकलं. मोग्गल्लान भारतात पळाला. सेनापती काश्यपाच्या कानाला लागला, "म्हाताऱ्यानं खजिना धाकट्यासाठी लपवून ठेवलाय." काश्यपानं बापाला विचारलं, खजिना कुठाय? धातुसेन म्हणाला, मला कलावेव तलावावर न्या, तिथे दाखवतो.

नेलं. राजा तलावात उतरला, नाहला, पाणी प्यायला. मग ओंजळीत पाणी घेऊन त्यानं राजपुरुषांना सांगितलं की माझी सगळी संपत्ती ती ही एवढीच.

पुढचं सांगायला नको. बापाला साखळदंडात बांधून भिंतीत चिणलं, वर मातीचा गिलावा केला. अठरा वर्षांनी मोग्गल्लान सैन्य घेऊन परतला. लढाईत काश्यपाच्या हत्तीनं पुढची दलदल टाळायला तोंड फिरवलं, सैन्याला वाटलं राजा पळाला, आणि सैन्यच पळालं. काश्यपानं स्वतःचा गळा चिरून घेतला. हे सगळं 'चूळवंस' या पाली ग्रंथात आहे.

नातू खाली आला तो धापा टाकत, "आजी, तू बेस्ट मिस केलंस!" मी मनात म्हटलं, बाळा, माझं बेस्ट अजून पाहायचंय. ड्रायव्हरला म्हटलं, मला तो तलाव दाखव.

पण मधे पोळोन्नरुव आलं. हे नंतरच्या राजधानीचं गाव. ९९३ साली राजराज चोळाच्या सैन्यानं अनुराधपुर उद्ध्वस्त केलं आणि चोळांनी कारभार इथे आणला. १०७० साली विजयबाहूनं त्यांना घालवलं, पण राजधानी इथेच राहिली. चोळांच्या वेळचं शंकराचं दगडी देऊळ अजून उभं आहे. गाभाऱ्यातलं लिंग पाहून आपोआप हात जोडले गेले. गल विहाराचे चार बुद्ध एकाच कातळात कोरलेले आहेत. निजलेल्या बुद्धाच्या डोक्याखालची उशी दबलेली दाखवली आहे, दगडात!

इथला मोठा राजा पराक्रमबाहू (११५३ ते ११८६). आकाशातून पडलेला पाण्याचा एकही थेंब माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये, असं त्याचं म्हणणं होतं असं बखर सांगते. त्यानं १६५ बंधारे, ३,९१० कालवे, १६३ मोठे आणि २,३७६ छोटे तलाव बांधले किंवा दुरुस्त केले अशी नोंद आहे. बखरीतले आकडे हातचं राखूनच वाचावेत, पण गावाला लागून पसरलेला 'पराक्रम समुद्र' डोळ्यांनी दिसतो. त्याचा मातीचा भराव सुमारे चौदा किलोमीटर लांब आहे. त्यावरून आता सायकली जातात.

हे बेट हिरवंगार, मग इतके तलाव कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण उत्तर आणि पूर्व भागाला तिथले लोक कोरडा पट्टा म्हणतात. तिथला पाऊस वर्षाला साधारण १,७५० मिलिमीटरच्या आत. हे ऐकून मला हसू फुटलं. आमच्या माणदेशात पाचशे मिलिमीटर पडला तर आम्ही देवाला नारळ फोडतो! पण त्यांचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि पुढे कित्येक महिने कडक ऊन. भात पिकवायचं तर पाणी अडवल्याशिवाय गत्यंतर नाही.

अनुराधपुरला बोधिवृक्ष पाहिला. इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात लावलेला, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या राखलेला. १९८५ साली तमिळ अतिरेक्यांनी शहरात शिरून केलेल्या गोळीबारात या आवारातही माणसं मेली. त्या यादवीत दोन्हीकडची किती माणसं गेली! २००९ साली युद्ध संपलं. आता झाडाखाली पांढऱ्या कपड्यातल्या बायका फुलांची तबकं घेऊन शांत बसलेल्या असतात. जेतवन स्तूप पाहिला. महासेन राजानं तिसऱ्या शतकात सुरू केलेला, मूळ उंची सुमारे १२२ मीटर, विटा नऊ कोटींच्या वर. त्या काळी गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात त्याहून उंच बांधकाम नव्हतं. तिथे स्तूपाला 'दागबा' म्हणतात. आपण मराठीत 'दागोबा' म्हणतोच की. मूळ शब्द धातुगर्भ. आणि तलावाला म्हणतात 'वेव', तो आपल्या वापीचा भाऊ.

परतीच्या वाटेवर दुपार कलताना कलावेवला पोहोचलो.

काय सांगू! भरावावर म्हातारी, अवाढव्य झाडं आणि पुढे नजर जाईल तिथवर पाणी. फेब्रुवारी असल्यानं तलाव तुडुंब. जवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती आहे, चाळीसएक फुटांची. तीही धातुसेनाच्या काळातली मानतात. या तलावातून ८७ किलोमीटर लांबीचा कालवा अनुराधपुरच्या तलावापर्यंत जातो. पहिल्या सतरा मैलांत त्याचा उतार मैलाला फक्त सहा इंच. ना दुर्बीण, ना आजची मोजमापं. पाण्यालाच विचारत विचारत नेला असणार.

आमचा ड्रायव्हर भातशेती करणारा निघाला. मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून त्यानं मला तासभर शिकवलं, आणि मी विद्यार्थिनीसारखी वहीत लिहून घेतलं. मोठ्या तलावाच्या पोटात, मोरीच्या तोंडाशी, दगडी चौकोनी विहीर असते. तिला 'बिसोकोटुव' म्हणतात. पाण्याचा जोर त्या विहिरीत मोडतो आणि मग हवं तेवढंच पाणी मोरीतून बाहेर सोडता येतं, भराव फुटत नाही. हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९०९च्या आपल्या पुस्तकात ही करामत दोन हजार वर्षांपूर्वीची आहे असं लिहून ठेवलं. गावोगावचे छोटे तलाव एकाखाली एक माळेसारखे असतात. वरच्याचं वापरून झालेलं पाणी खालच्यात जातं. तलावाच्या वरच्या अंगाला गाळ अडवायला गवताचा पट्टा, भरावाच्या खाली खारटपणा शोषायला झाडांचा पट्टा. सगळ्यात जंगलाकडचा तलाव शेतीसाठी नसतोच. तो जनावरांसाठी आणि गाळ थोपवायला.

आणि एक गोष्ट त्यानं सांगितली ती मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पाणी कमी पडलं की गाव ठरवतं, यंदा तलावाजवळचा एवढाच तुकडा पिकवायचा. मग तो तुकडा कुणाच्याही मालकीचा असो, त्या हंगामापुरता सगळ्या खातेदारांत वाटला जातो. याला 'बेत्म' म्हणतात. माणदेशात वाढलेल्या मला हे ऐकून गप्पच बसावं लागलं. आमच्याकडे विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत.

हे सगळं कायम टिकलं असं मात्र नाही. तेराव्या शतकात, १२१५च्या माघाच्या स्वारीनंतर, राज्य दक्षिणेकडे सरकलं. तलाव फुटले, जंगल आलं आणि त्याबरोबर मलेरिया. पुढे इंग्रजांनी १८३२च्या सुमारास 'राजकारिय' म्हणजे सक्तीची सामूहिक मेहनत बंद केली. वेठबिगार गेली हे चांगलंच. पण त्याच मेहनतीतून गावतलावांची डागडुजी व्हायची, तीही गेली. विसाव्या शतकात तलाव पुन्हा उभे राहिले, माणसं परत आली. २०१६ साली देश मलेरियामुक्त जाहीर झाला.

आता खरं सांगायचं ते.

पुस्तकात पुढे वाचलं की धातुसेनाला असं मरण का आलं याचं कारणही बखरकारानं दिलंय. कलावेवचा भराव चालू असताना मधे एक भिक्षू ध्यानाला बसला होता. तो उठेना. राजानं त्याच्यावर माती टाकायला लावली. म्हणून राजाचाही शेवट मातीखाली झाला.

मी भरावावर बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच. भिक्षूची आठवण बखरीत राहिली. माती टाकणाऱ्यांची राहिली नाही. ती पाटी कुणाच्या डोक्यावर होती? "राजाने तलाव बांधला" हे वाक्य मी फळ्यावर हजारदा लिहिलं असेल. व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखा म्हटलं की मुलं "राजा" म्हणायची, आणि मी बरोबरची खूण करायची.

मला स्वतःला तरी माहीत असायला हवं होतं. १९७२च्या दुष्काळात आमच्या गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. तेव्हा राज्यभर दुष्काळी कामांवर माणसंच माणसं. १९७३च्या मे महिन्यात तर ती जवळजवळ पन्नास लाख होती. त्यांतली एक आमची आय. चौकड्या खणून निघालेली माती पाटीनं भरावावर टाकायची. डोक्यावर चुंबळ, पायांत काही नाही. कामावर सुकडी मिळायची ती ती पदरात बांधून धाकट्यांसाठी आणायची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, साताऱ्यात. माझी खानावळ त्या पाट्यांतून भागत होती.

त्या डिसेंबरात आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींना श्रमदानासाठी दुष्काळी कामावर नेलं. कुठल्या गावाला, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. उतरलो, रांगेत उभे राहिलो, पाट्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. आणि पलीकडच्या बाजूला आय. तिनं मला पाहिलं आणि हसली. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "ओळखीच्या का गं?" मी म्हटलं, "आमच्या गावच्या आहेत."

आयनं ते ऐकलं. काही बोलली नाही. पाटी घेतली, पदर पुढे ओढला आणि गेली. पुढे पंचवीस वर्षं ती जगली. तिनं हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. माझं लग्न झालं तेव्हा सासरी सांगितलं, "घरची शेती आहे." ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

कलावेवच्या भरावावर लेकीनं विचारलं, "आई, काय झालं?" तेव्हा पहिल्यांदा तिला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीनं तलाव बांधला हे तू मला आत्ता सांगतेस?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता. नातू मात्र चकित. "म्हणजे पणजीनं धरण बांधलं?" अरे धरण नाही, पाझर तलाव, मी म्हटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पन्नास वर्षं स्वतःला मिळू दिलं नव्हतं.

पुढे कँडीला गेलो, दंतधातूचं मंदिर पाहिलं, चहाचे मळे पाहिले. छान होतं सगळं. पण माझी सहल कलावेवला संपली होती.

परत आल्यावर मार्चमध्ये भाच्याबरोबर गावी गेले. आमचा तलाव अर्ध्याहून जास्त गाळानं भरलाय. भरावावर वेड्या बाभळी. पण खालच्या अंगाच्या विहिरींना अजून पाणी आहे. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर जो तो सांगतो, "सरकारनं बांधला." मी म्हटलं, आठवा बरं, कोण कोण होतं पाटीवर? आधी कुणी बोलेना. लाज फक्त मलाच नव्हती तर. मग एक आजी म्हणाल्या, "मी व्हते की. तुझ्या आयच्या मागं माझी पाटी." आणि मग नावं यायला लागली. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत एकेचाळीस नावं झाली. त्या वेळचा हजेरीपट कुठे असेल, असेल की नाही, कोण जाणे. आता हीच वही हजेरीपट.

तेव्हा नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. तुमच्या घरी त्या दुष्काळात कुणी कामावर गेलं असेल, गेलंच असेल, तर त्यांना विचारा आणि मला कळवा. काम कुठलं होतं, मुकादम कोण, सुकडी कशी लागायची, जे आठवेल ते. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. उशीर करू नका, माझ्यासारखा.

यादीत पहिलं नाव आयचं लिहिलंय. नातं या रकान्यात 'आई' असं लिहिलं.

असो. गुडघे बरे आहेत.